हवेतली मूठ

बोरमाळ, ता. नेवासे
१७ ऑगस्ट १९७३

दादा,

वरती साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे. तो लिहिला आहे असं धरून चाल. राखी पाठवलेली नाही, तीही बांधली आहे असं धरून चाल. तू माझ्याशी बोलत नाहीस आणि मीही तुला बोल म्हणत नाही. पण तुझी कार्डं नानांच्या नावानं येतात, याचं मला हसू येतं. आपल्या बापाला धडधाकट असताना सहीपुरती अक्षरं येत होती, आता तीही गेली. वाचणारी मीच आहे हे तुला ठाऊक, पोस्टमनला ठाऊक. तो कार्ड नानांच्या मांडीवर ठेवतो आणि मी वाचेपर्यंत उभा राहतो. कार्ड उघडंच असतं, त्यामुळे त्यानं ते वाटेतच वाचलेलं असतं, पण माझं तोंड कसं होतं ते त्याला बघायचं असतं.

कालचं कार्ड मी नानांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तू लिहितोस की दुष्काळी कामावर खडी फोडताना झटका आला तेव्हाच खरं तर सगळं संपलं, आता उजवी बाजू परत येईल ही आशा सोडा. शाळूची पेर तोंडावर आली. पहिल्या तासाला, म्हणजे पेरणीच्या पहिल्या ओळीला, घरच्या कर्त्यानं चाड्यावर मूठ धरायची ही आपल्या घराची रीत आहे. नानांना मूठ धरता आली तर ठीक, नाहीतर शेत शेजारच्या राधाकृष्णाला बटाईनं द्यायचं, घराला कुलूप लावायचं आणि नानांनी नगरला सावेडीत तुझ्याकडे येऊन राहायचं. मी कुठं राहायचं ते कार्डात नव्हतं. जागा संपली असेल.

पंख्याखाली बसून मूठ म्हणजे काय ते विसरला असशील, म्हणून सांगते. पाभरीवर लाकडाचं चाडं बांधलेलं असतं, त्याच्या भोकांतून नळ्यांवाटे बी मातीत जातं. बैल पुढं चालतात, माणूस मागं. चाड्यात हात घालून बोटांच्या फटींतून बी सोडत जायचं, दाट नको आणि पातळ नको, पावलाबरोबर बोटं मिटायची आणि उघडायची. हे सांगून कुणाला येत नाही. तू लहानपणी नानांच्या मागं चालून शिकलास. मी बांधावर बसून तुम्हा दोघांना बघत होते. मला कुणी चाड्याला हात लावू दिला नाही, पण बघायला कुणी अडवलं नव्हतं.

आणखी एक. आषाढात येऊन गेलास तेव्हा तू नानांना विचारलंस, सावेडीला येता ना? ते म्हणाले, "व्हय." तू खूश होऊन राधाकृष्णाला सांगत सुटलास. दादा, झटक्यानंतर नानांना तो एकच शब्द उरला आहे. भूक लागली का, व्हय. पोट भरलं का, व्हय. परवा शेजारच्या केशरबाईनं विचारलं, नाना, मी तुमची सासू का? तेव्हाही व्हय. म्हातारी पदर तोंडाला लावून हसली आणि नानाही हसले. म्हणजे समजतं सगळं, तोंडातून मात्र तेवढंच निघतं. त्या एका शब्दावर तू बापाचं शेत वाटायला निघालास.

आम्ही दोघं इथंच राहणार आहोत. पेरीला अजून अवकाश आहे.

मनकर्णा


बोरमाळ
३० ऑगस्ट १९७३

दादा,

पोळा झाला. आपला एकटा ढवळ्या उरला आहे. पवळ्या दुष्काळात गुरांच्या छावणीतच गेला हे तुला माहीत आहे. जोडीला राधाकृष्णाचा बैल येणार, एक त्याचा आणि एक आपला, म्हणून पेरीच्या दिवशी औत हाकायलाही तोच येणार. केशरबाईच्या सूर्यभाननं ढवळ्याची शिंगं रंगवली आणि नानांना ओट्यावर आणून बसवलं. ढवळ्या त्यांच्या पायाला हुंगून गेला. नाना व्हय म्हणाले.

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

दुपारी मी नानांच्या समोर बसून सुपात ज्वारी निवडत होते. गरम होत होतं, मला जांभई आली. माझी बघून नानांनाही आली. आणि जांभई देताना त्यांचा उजवा हात, तोच मेलेला हात, मांडीवरून उठून छातीपर्यंत आला आणि परत खाली पडला. नानांना कळलंसुद्धा नाही. मी सूप बाजूला ठेवलं आणि खोटी जांभई दिली. नानांनी दिली. हात पुन्हा उठला.

मग मी म्हटलं, नाना, हात उचला. काही नाही. पुन्हा म्हटलं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, हात ढिम्म हलला नाही. मी त्यांचे डोळे पुसले आणि त्या दिवशी पुन्हा काही सांगितलं नाही. पण विचार करत राहिले. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात हलवत राहा, पुढचं कुणालाच सांगता येत नाही. माणूस खरं बोलला. आपण मात्र महिनोन्महिने नानांना हुकूम सोडत बसलो. आणि तो हात हुकूम ऐकतच नाही, तो बघून चालतो.

तूही बघितलेलं आहेस, फक्त ध्यानात आलं नसेल. वहिनी पोरीला घास भरवतात तेव्हा पोरीच्या आधी वहिनींचंच तोंड उघडतं. जत्रेत कुस्ती बघणारी माणसं खाली बसल्या जागी खांदे वळवतात, आणि डाव चुकला की आपणच पडल्यासारखी कण्हतात. एस.टी.त पुढच्या बाकावरचा माणूस ड्रायव्हरबरोबर पाय दाबतो. कुणी सांगतं का त्यांना? आपल्याला वाटतं डोळे बघतात आणि हात करतात, दोघांचा संसार वेगळा. मला वाटतं डोक्यात त्या दोघांची चूल एकच असावी. एकाला पेटवली की दुसऱ्याचं तापतंच.

दुसऱ्या दिवसापासून मी पुढ्यात परात घेते. परातीत ज्वारी, आणि मूठ सोडल्यासारखी बोटं मिटते, उघडते. नाना बघतात. पहिल्यांदा त्यांचा डावा हात हलायला लागला, चांगला होता तोच. मी चिडले. मग लक्षात आलं की समोरासमोर बसल्यावर माझ्या उजव्या हातासमोर त्यांचा डावा येतो, आणि ते समोर दिसेल तसं करतात. म्हणून मी हात बदलला. आता मी डाव्या हातानं मूठ सोडते आणि नानांची उजवी बोटं गोधडीवर किंचित वळवळतात. डाव्या हाताला आधी मुळीच जमत नव्हतं. आता त्यांचा उजवा आणि माझा डावा बरोबरीनं शिकत आहेत, दोघंही सारखेच अडाणी.

राधाकृष्णानं कुंपणावरून बघितलं. "डाव्या हातानं बी सोडतीस? शेताचं वाटुळं करनार हायेस," म्हणाला. मी म्हटलं, शेतात कुठं सोडते, परातीत सोडते. वाटोळं झालं तर परातीचं होईल.

मनकर्णा


बोरमाळ
१७ सप्टेंबर १९७३

दादा,

काल तू आलास आणि गेलास. जे तोंडावर बोलायचं राहिलं ते लिहिते.

बूट न काढता तू ओट्यावर चढलास, बरोबर राधाकृष्ण. नानांच्या पुढं उभा राहून मोठ्यानं म्हणालास, नाना, उजवा हात उचला. नाही उचलला. मूठ मिटा. नाही मिटली. ऐकू येतंय ना, असं विचारलंस, त्यावर नाना व्हय म्हणाले आणि राधाकृष्ण हसला. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं ते तुम्ही दोघांनीही बघितलं नाही. तुम्ही हाताकडे बघत होता.

मी तुला म्हटलं, सांगू नकोस, त्यांच्या समोर बस आणि तू स्वतः करून दाखव. तू म्हणालास, "मी काय माकड हाय का?"

इतक्या वर्षांनी तुझ्या तोंडून हाय ऐकलं. नगरला गेल्यापासून तू आहे म्हणतोस. राग आला की माणूस ज्या घरात बोलायला शिकला त्याच घरात परत येतो, हे मला बरं वाटलं.

मग तू पाणी प्यालास, बाजेवर बसलास आणि रुमाल काढून मान पुसायला लागलास. दादा, तेव्हा तू नानांच्या बरोबर समोर होतास. तू डाव्या हातानं मान पुसत होतास, कारण उजव्या हातात तांब्या होता. आणि नानांचा उजवा हात गोधडीवरून सरकत पोटावर आला, पोटावरून छातीवर, आणि गळ्यापाशी जाऊन थांबला. राधाकृष्ण दारात पाठ करून उभा होता, त्याला दिसलं नाही. तुला दिसलं. तू बघितलंस आणि तुला बघताना मी बघितलं. तू रुमाल घडी करून खिशात घातलास आणि म्हणालास, एस.टी. चुकेल.

त्यात लपवण्यासारखं काय होतं? बाप बरा होतोय, यात तुझं काय जातं? मला एकच उत्तर सुचतं. नाना बरे झाले तर शेत राहतं, शेत राहिलं तर घर राहतं, आणि घर राहिलं तर तुझी नांदायचं सोडून आलेली बहीण त्या घरात राहते. ती कुठंच राहू नये म्हणजे तुझ्या ऑफिसात कुणी विचारणार नाही.

जाताना तू म्हणालास की माझं घर तिकडं सासरी आहे, कान्हेगावला. दादा, तिकडचं एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. त्या घरात मी काय बघत होते? एक हात उचललेला. तो उठायच्या आधी खांदा कसा मागं जातो, बोटं कशी आवळतात, सगळं मला पाठ झालं होतं. माझा हात आपोआप डोक्यावर जायचा, झाकायला. वर्षं गेली. एक दिवस त्याचा हात उठला तेव्हा माझा डोक्यावर गेला नाही. तो मागं गेला, अगदी त्याच्यासारखाच, आणि पुढं आला. तो खाली बसला. मी माझं लुगडं आणि तांब्या घेऊन निघाले. लोक म्हणतात मनकर्णानं नवऱ्यावर हात टाकला, हे कुठून शिकली? ज्याच्याकडून शिकले त्याला विचारा.

याची मला लाज नाही. मी तुझ्याकडे माफी मागत नाही. तुला फक्त एवढंच कळावं म्हणून लिहिलं, की बघून येतं म्हणजे काय ते माझ्या अंगाला ठाऊक आहे. वाईट बघून वाईट येतं, तर चांगलं बघून चांगलं का येऊ नये?

मनकर्णा


बोरमाळ
२८ सप्टेंबर १९७३

दादा,

काल घट बसले. तुझं कार्डही कालच आलं. वहिनी पोरींना घेऊन दसऱ्याला येणार होत्या ते रद्द केलंस आणि खाली म्हण लिहिलीस, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. पोरींना माझा गुण लागेल म्हणतोस. लागू दे की. पण एक विचारते. माझ्याजवळ बसून पोरींना गुण लागतो हे तुला पटतं, आणि माझ्यासमोर बसून नानांच्या हाताला गुण लागतो हे पटत नाही. एका म्हणीचं अर्धंच कसं खरं धरतोस?

हस्त लागला, ओल चांगली आहे. येत्या बुधवारी पेर धरली आहे. काल पारावर बोलणं झालं. राधाकृष्ण म्हणाला की नवऱ्याला सोडून आलेल्या बाईचा हात, त्यातून डावा, चाड्याला लागला तर तो आपला बैल जुंपणार नाही. रंगनाथतात्या गावात सगळ्यांत वडील, सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, तुजा हात चाड्याला लागायचा न्हाई. तुज्या बापानं, कानिफनाथानं धरली तर मूठ त्याची, न्हाईतर तुज्या भावाच्या, काकासाहेबाच्या मनाप्रमानं हुईल."

मी म्हटलं, कबूल. लगेच म्हटलं म्हणून राधाकृष्णाला शंका आली. घरी जाताना तो दोनदा मागं वळून बघत होता.

तूही ये. कर्त्याचा थोरला मुलगा म्हणून तुझी जागा आहे. वहिनी, हे पत्र तुम्ही आधी फोडता हे मला माहीत आहे. पोरी आल्या तर मला आवडेल.

मनकर्णा


बोरमाळ
४ ऑक्टोबर १९७३

दादा,

तू आला नाहीस. राधाकृष्णाचं पत्र तुला माझ्या आधी मिळेल, म्हणून घडलं तसं लिहिते.

सकाळी नानांना धोतर नेसवलं, फेटा सूर्यभाननं बांधला. पाभर शेताच्या कडेला लावली होती. बांधावर निम्मं गाव बसलेलं, पेरायचं सोडून. सूर्यभाननं नानांना कमरेला धरून उभं केलं. त्यांचा डावा हात मी पाभरीच्या दांड्यावर ठेवला, उजवा उचलून चाड्यात सोडला. चाड्याला माझं बोट लागलं नाही, तात्या डोळे बारीक करून बघत होते. राधाकृष्ण बैलांपाशी जाऊन कासरा धरून उभा राहिला आणि म्हणाला, "धरा नाना मूठ, हाकतो."

हात चाड्यात तसाच पडून राहिला. बांधावर चुळबुळ झाली.

मग मी पुढं गेले. बैलांच्या आणि पाभरीच्या मधे, दांडीच्या बाजूला, जिथं अजून पेरायचं होतं त्या मातीत, नानांकडे तोंड करून उभी राहिले. डावा हात पुढं केला. रिकामा, हवेत. आणि मूठ मिटली, उघडली, मिटली, उघडली.

राधाकृष्ण ओरडला, हे चालायचं नाही. मी तात्यांना विचारलं, माझा हात चाड्याला लागला का? तात्यांनी काठी जमिनीवर टेकली. मग म्हणाले, "न्हाई लागला. हवा काय कुनाच्या बापाची न्हाई. हाक रे."

त्यानं हाकलं. मी मागं मागं चालायला लागले, नानांची नजर माझ्या बोटांवर. पहिली दोन-तीन पावलं काही नाही. मग नळ्यांत बी वाजलं. दादा, ते वाजणं तू लहानपणी ऐकलेलं आहेस. बारीक, सरसर. मला वर बघवत नव्हतं आणि रडताही येत नव्हतं, कारण माझा हात थांबला असता तर त्यांचा थांबला असता. मी मिटत होते, उघडत होते, आणि समोर चाड्यात माझ्या बापाचा हात मिटत होता, उघडत होता.

अर्ध्या शेतात माझी टाच ढेकळावर गेली आणि मी पाभरीच्या वाटेबाहेर उताणी पडले. हात थांबला. नळ्या गप झाल्या. राधाकृष्णानं बैल थांबवले नाहीत, तसेच पुढं नेले, नाना फरफटत पाभरीमागं चालले आणि खाली बी पडत नव्हतं. "झालं, मूठ सुटली," तो बांधाकडे बघून म्हणाला.

मला उठायला वेळ लागला, पायात लुगडं अडकलं होतं. तेवढ्यात नानांनी मला शोधायला मान वर केली. मी खाली होते, मी दिसले नाही. त्यांना बांध दिसला. मीही बांधाकडे बघितलं, आणि जे दिसलं ते तुला सांगते.

बांधावर बसलेल्या सगळ्या माणसांचे हात चालू होते. रंगनाथतात्यांनी काठी काखेत धरली होती आणि त्यांची बोटं मिटत होती, उघडत होती. केशरबाईची मांडीवर चालू होती. आयुष्यभर ज्यांनी मूठ धरली ती माणसं मघापासून नानांच्या हाताकडे बघत होती, आणि हात चालू झाले हे त्यांना कळलंही नव्हतं. कुणी मदत करत नव्हतं, कुणी दया दाखवत नव्हतं. त्यांना थांबवताच येत नव्हतं. नाना त्या हातांकडे बघत राहिले, आणि नळ्यांत पुन्हा बी वाजलं.

तास पुरं झालं. वळणावर राधाकृष्णानं बैल थांबवले. त्याचा उजवा हात कासऱ्यावर होता आणि त्या हाताची बोटं काय करत होती ते मी बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हात पाठीमागं घेतला. तुझ्या रुमालासारखाच.

तात्या बांधावरून उतरून आले, नानांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले मूठ झाली. पुढची तासं सूर्यभाननं धरली. नाना घरी येऊन दिवसभर झोपले.

मनकर्णा


बोरमाळ
२२ ऑक्टोबर १९७३

दादा,

तुझं कार्ड पोचलं, या वेळीही नानांच्या नावानं. मूठ नानांची नव्हती म्हणतोस. मनकर्णानं केली आणि नानांनी नुसती नक्कल केली, म्हणून ती धरायची नाही, आणि राधाकृष्ण बटाईचा कागद घेऊन येईल त्यावर नानांचा अंगठा करून द्यावा.

नक्कल धरायची नाही, तर मग तुझं काय काय परत देतोस? तू चालताना उजवा खांदा किंचित पुढं टाकतोस, तो नानांचा आहे. बोलणं पटलं नाही की मान पुसतोस, ती रीत नानांची आहे. तू रुमालानं पुसतोस आणि ते उपरण्यानं, एवढाच फरक. तू मूठ शिकलास ती कुणाच्या मागं चालून? तुझी धाकटी भात कालवताना तुझ्यासारखी करंगळी वर धरते, वहिनींनीच मला दाखवलं होतं. नक्कल काढून घेतली तर तुझ्या अंगावर सदराच तेवढा राहील, आणि त्याचीही फॅशन साहेबाची आहे.

शाळू चांगला उगवला आहे. पहिल्या तासात मधे मोकळी जागा आहे, मी पडले तिथं. सूर्यभान म्हणत होता, बी टोकून भरू. मी नको म्हटलं. ती जागा बघून कुणालाही कळेल की तिच्या अलीकडची ओळ आणि पलीकडची ओळ सारखीच आहे. अलीकडं नाना माझ्याकडे बघत होते आणि पलीकडं गावाकडे. त्यात तुझ्याकडे बघून उगवलेलं शाळूचं ताट एकही नाही, हे मात्र मला लागतं. मला नाही लागत, नानांना लागत असेल. एस.टी. थांब्यावर कुणी उतरलं की ते मान वर करतात.

आता कागदाचं. राधाकृष्ण काल दुपारी आला. दोन साक्षीदार आणले होते, नानांचा व्हय ऐकायला. शाईचा पॅडही होता. मी चुलीपाशी होते, बाहेर येऊन नानांच्या समोर बसले. मला त्यांनी काही करू दिलं नसतं, आणि मी काही करणारही नव्हते. पदर तोंडावर धरला, हात मांडीखाली घेतले. राधाकृष्णानं विचारलं, "नाना, शेत देताय ना मला?"

नाना त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. माझं तोंड झाकलेलं होतं, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांचे ओठ हलायला लागले, एकदा मिटले, पुन्हा उघडले. साक्षीदार वाकून ऐकत होते.

"न्हाई," नाना म्हणाले.

राधाकृष्णाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. नानांनी उजव्या हाताची मूठ वळली, ढिली होती पण मूठ होती, ती गोधडीवर ठेवली आणि म्हणाले, "न्हाई."

साक्षीदार उठले. केशरबाई कुंपणाशी उभी होती, तिनं मोठ्यानं विचारलं, नाना, मी तुमची सासू का? नाना न्हाई म्हणाले आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला आत गेले आणि आतच बसून रडले. तेवढं तुला सांगायला हरकत नाही.

राधाकृष्ण जाताना म्हणाला की हा शब्द हिचाच आहे, ही दिवसभर घरात तेच बोलते, म्हाताऱ्यानं हिच्याकडून उचलला. तो तुला तसंच लिहील, आणि तू मला कार्ड पाठवशील की शब्दसुद्धा नकलेचा, तोही धरायचा नाही. खरं आहे, दादा. त्यांनी तो माझ्याकडूनच घेतला. तुझ्याकडून काही घ्यायला तू समोर कुठं होतास?

हुरड्याला ये. कागद आणू नकोस, हात मोकळे ठेव.

मनकर्णा